धूम, वह्नी आणि फळाची साक्ष

ज्ञान खरे की खोटे हे त्याच्या फळावरून ठरवावे काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांत जितका जुना आहे तितकाच तो आपल्या घराघरांत रोजचा आहे. कारण औषधाने गुण आला म्हणजे निदान बरोबर होते, नवस फळाला आला म्हणजे देव जागृत आहे, उपाय लागू पडला म्हणजे कारण सापडले, असे म्हणणारा मनुष्य, त्याने न्यायशास्त्राचे एक पानही उलटलेले नसले तरी, नकळत वात्स्यायनाच्या पक्षाला मत देत असतो. प्रमाणाने वस्तू कळली आणि त्या कळण्यावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल झाली म्हणजे प्रमाण सार्थ ठरले, ही भूमिका त्याच्या न्यायभाष्याच्या आरंभीच मांडलेली आहे. मृगजळाकडे धावणाऱ्याची तहान भागत नाही आणि तळ्याकडे जाणाऱ्याची भागते, एवढा साधा आणि एवढा बळकट तिचा आधार आहे. ती खोडून काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु तिची पारख करायची झाल्यास ती ग्रंथालयात बसून करण्यापेक्षा चेन्नईतील पुदुपेटेत, जिथे जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे कार्बोरेटर उघडून दुरुस्त केले जातात तिथे, अधिक काटेकोर होते असे माझे मत आहे.

चेन्नई हे शहर यासाठी योग्यच. मैलापुरातील संस्कृत महाविद्यालय १९०६ साली स्थापन झाले, त्याचे पहिले प्राचार्य कुप्पुस्वामी शास्त्री यांनी १९३२ साली अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाच्या आधारे भारतीय तर्कशास्त्राची इंग्रजी प्रवेशिका लिहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तीवरून व्याप्ती आणि हेत्वाभास यांचे पाठ घेतले. मराठी वाचकाला तोच तर्कसंग्रह मुंबई संस्कृत मालेतील आठल्ये आणि बोडस यांच्या १८९७ च्या आवृत्तीमुळे परिचित असतो. त्या महाविद्यालयापासून चार-पाच किलोमीटरांवर, कूवम नदीच्या अंगाला, पुदुपेटेच्या गल्ल्या आहेत. तेथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग ढिगांनी विकले जातात, आणि कारखान्याने ज्यांची निर्मिती केव्हाच बंद केली त्या वाहनांचे आयुष्य तेथील मिस्त्री हाताच्या कसबाने लांबवीत असतात. या दोन ठिकाणांमध्ये विषयाचे अंतर फारसे नाही: दोन्हीकडे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या कारणाकडे कसे जावे याचाच विचार चालतो.

यामाहाची आर-एक्स १०० ही गाडी १९८५ पासून १९९६ पर्यंत आपल्याकडे तयार होत होती. ९८ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि ११ अश्वशक्ती एवढा तिचा ऐवज, पण वजनाने हलकी आणि पिकअपला तिखट असल्यामुळे तिला जी कीर्ती मिळाली ती मोठमोठ्या यंत्रांना मिळाली नाही. १९९३ साली आलेली होसूरच्या कारखान्याची सुझुकी शोगन हीही त्याच जातीची. ज्या शहराने शोलावरमच्या महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यतींचे वेड जोपासले, आणि ज्याने १९९० साली इरुंगाट्टुकोट्टई येथे स्वतंत्र धावमार्ग उभा केला, त्या शहरात अशा गाड्यांचे मडगार्ड उंचावून, दातेरी टायर चढवून त्यांना मातीच्या शर्यतींसाठी उतरवणारे तरुण निपजले यात नवल नाही. आज त्यांतल्या कित्येक गाड्या जिवंत आहेत. आणि त्यांच्या बहुतेक तक्रारी शेवटी कार्बोरेटरच्या दारी येऊन थांबतात.

टू-स्ट्रोक इंजिनाला चुकीच्या मिश्रणाची जी शिक्षा होते ती फोर-स्ट्रोकला होत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या तळाशी वंगणाचा स्वतंत्र साठा नसतो. पेट्रोलबरोबर आलेले ऑइलच दट्ट्याला आणि बेअरिंगांना पोसते, आणि त्याच पेट्रोलचे बाष्पीभवन दट्ट्याचा माथा थंड राखते. म्हणून हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, मिस्त्रींच्या भाषेत गाडी ‘लीन’ झाली, की अन्न, वंगण आणि गारवा ही तिन्ही एकाच वेळी कमी होतात. दट्ट्या फुगतो, सिलिंडरला घासतो आणि इंजिन सीझ होते. उलट पेट्रोल जास्त झाले, गाडी ‘रिच’ झाली, तर ती फुरफुरते, प्लग काळा करते, पेट्रोल खाते, पण सहसा मरत नाही. या दोन चुकांचे मोल असे असमान आहे, आणि पुढचा सारा विचार त्या असमानतेवर उभा आहे.

मिश्रणाचा हिशोब कार्बोरेटरात एका ठिकाणी लागत नाही. मूठ सोडलेली असताना आणि अगदी थोडी पिळलेली असताना पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचा अंमल असतो. त्यानंतर स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेला तिरका काप. पाव मुठीपासून पाऊण मुठीपर्यंत निमुळती सुई, जिच्या डोक्याशी खाचा असून क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. आणि शेवटच्या पावात मेन जेट, अंक कोरलेला पितळेचा एक लहानसा तुकडा. म्हणून जाणता मिस्त्री गाडी ‘मिस करते’ एवढी फिर्याद ऐकून कशालाही हात लावीत नाही. कोणत्या मुठीला मिस करते हे तो विचारतो, आणि मालकाला सांगता आले नाही तर मुठीवर चिकटपट्टीने खुणा करून गाडी फिरवून आणायला सांगतो.

तर्कसंग्रहाच्या विद्यार्थ्याला पर्वतावरचा धूर आणि त्यावरून अनुमित होणारा अग्नी हे उदाहरण पाठ असते; पण त्याची उलट बाजू अधिक बोधप्रद आहे. धूर असेल तेथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही: तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर निघायला अग्नीला ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि हा ओल्या इंधनाचा संयोग म्हणजेच नैयायिकांची ‘उपाधी’, हेतू (दिसणारी खूण) आणि साध्य (तीवरून अनुमित होणारी गोष्ट) यांच्या नात्यात लपून बसलेली ती तिसरी गोष्ट, जी वगळली तर नाते खोटे पडते. आता टू-स्ट्रोकचा सायलेन्सर पाहा. निळसर धूर दाट निघतो, सबब गाडी रिच चालते, असे अनुमान मालक करतो आणि लहान जेट मागतो. परंतु धूर मुख्यतः ऑइलाचा आहे. ऑइल जास्त मिसळले असेल, शहरातल्या सावकाश चालीने सायलेन्सरात ते साचले असेल, किंवा क्लचच्या बाजूचे क्रँक सील झिजून गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढले जात असेल, तरी धूर तोच. शास्त्रकारांनी ओल्या लाकडाचे उदाहरण घेतले. येथे ओले इंधन अक्षरशः समोर आहे, आणि त्याची शहानिशा न करता लहान जेट बसवणारा मनुष्य इंजिनाला मृत्यूच्या दिशेने ढकलीत असतो.

ऑइलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण ती सद्हेतूच्या विरुद्ध जाते. पुष्कळ जण ऑइल पंप काढून टाकून टाकीतच ऑइल मिसळतात, आणि इंजिनाच्या काळजीपोटी सांगितल्यापेक्षा सढळ हाताने मिसळतात. पण जेटमधून जे वाहते ते मिश्रण. त्यात ऑइलाचा वाटा वाढला तेवढा पेट्रोलाचा घटला. चाळिसास एक या प्रमाणात पेट्रोल सुमारे ९७.६ टक्के असते, विसास एक केल्यास ९५.२ टक्के. शिवाय दाट झालेले मिश्रण जेटमधून मंद वाहते. म्हणजे अधिक ऑइल घालणारा, जेट न बदलता, गाडी लीन करतो. धूर मात्र वाढलेला असतो, आणि त्या धुराकडे बोट दाखवून गाडी रिच आहे असे त्याला कोणीतरी सांगतेच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वात्स्यायन म्हणतो, प्रवृत्तीचे सामर्थ्य पाहा, फळ पाहा. फळ पाहू. गाडी लीनकडे सरकू लागली की प्रथम काय घडते? धूर नाहीसा होतो. आवाज कोरडा आणि खणखणीत होतो. मूठ पिळताच इंजिन चढते, पेट्रोल कमी लागते, प्लगवर काजळी राहत नाही. जो जो म्हणून लाभ मालकाला हवा होता तो तो त्याच्या पदरात पडतो, आणि त्याने केलेल्या निदानाच्या बाजूने प्रत्येक लाभ एकेक साक्ष नोंदवून जातो. टू-स्ट्रोक गाडी सर्वांत गोड चालते ती सीझ होण्याच्या थोडे आधी, असे मिस्त्री लोक सांगतात. मग ईस्ट कोस्ट रोडसारखा लांब मोकळा रस्ता मिळतो, मूठ पुरती पिळून काही मिनिटे तशीच धरली जाते, आणि मागचे चाक अडते. येथे प्रवृत्ती असफल झाली म्हणून ज्ञान खोटे ठरले, असे नैयायिक म्हणेल आणि ते खरेही आहे. परंतु ही असफलता येईपर्यंत जी सफलता लाभत होती तिचे काय? ती नुसती अपुरी साक्ष नव्हती. ज्या कारणाने नाश होणार होता तेच कारण ती गोडी निर्माण करीत होते. खोट्या निदानाला खोट्या निदानामुळेच फळ मिळत होते. तहान आणि तळे यांच्या दृष्टान्तात या प्रकाराला जागा नाही.

या ठिकाणी मला मीमांसकांचा पक्ष अधिक उपयोगी वाटतो, जरी त्यांची मूळ भूमिका, ज्ञान स्वतःच प्रमाण असते ही, मी जशीच्या तशी स्वीकारीत नाही. कुमारिलाचे म्हणणे असे की ज्ञान अप्रमाण ठरते ते दोन वाटांनी: त्याच्या विरुद्ध जाणारे बाधक ज्ञान उपजले म्हणजे, किंवा ज्या साधनाने ते झाले त्यात दोष आहे असे कळले म्हणजे. पहिली वाट फळाची आहे. दुसरी, करणदोषाची वाट, फळाची वाट पाहत नाही. ती मागे वळते आणि विचारते, डोळा निर्मळ होता ना? पितळेला हात लावण्याआधी पुदुपेटेतला मिस्त्री नेमके हेच विचारतो.

एका वयोवृद्ध मिस्त्रींचे काम मी जवळून पाहिले आहे. मातीच्या शर्यतीसाठी तयार केलेली एक आर-एक्स त्यांच्यापुढे आली. मूठ सोडली तरी तिची रेस लगेच खाली येत नव्हती, वरच रेंगाळत होती. पूर्वी पूर्ण मुठीला ती अडखळत असे, दुसऱ्या एका गॅरेजात मोठा मेन जेट घातल्यावर ते अडखळणे थांबले, म्हणून मालकाच्या लेखी तो प्रश्न निकालात निघाला होता. मिस्त्रींनी गाडी चालू ठेवली आणि कार्बोरेटर व सिलिंडर यांच्यामधल्या रबरी जोडावर पिचकारीने थोडे थोडे फवारत बोट खालच्या अंगाला नेले. एका जागी फवारा पडताच रेस एकदम बदलली. रबर सोडवून त्यांनी ते दोन्ही अंगठ्यांनी दुमडले. वरून अखंड दिसणाऱ्या त्या तुकड्याच्या पोटाशी एक बारीक भेग उघडली, तिच्या कडा पेट्रोलने मऊ पडलेल्या होत्या. ‘आधी हवा कुठून शिरते ते बघायचं, जेट मग,’ असे ते तमिळमध्ये म्हणाले आणि नवा जोड शोधायला उठले. गाडी एअर घेत होती. मोठ्या जेटने ती जादा हवा पेट्रोल वाढवून झाकली होती, आणि तीही केवळ पूर्ण मुठीपुरती. खालच्या मुठीला ती लीनच राहिली होती, आणि भेग वाढेल तशी वरही होणार होती.

नवा जोड बसल्यावर त्यांनी जुना मेन जेट परत घातला, पायलट जेट उजेडासमोर धरून त्याच्या छिद्रातून प्रकाश नीट येतो की नाही ते पाहिले, सुईची क्लिप मधल्या खाचेत आहे याची खातरजमा केली आणि मग एकच गोष्ट बदलली, हवेचा स्क्रू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्यांचा कडक नेम आहे, आणि मला त्यात न्यायातल्या अन्वय-व्यतिरेकाचे अत्यंत शुद्ध रूप दिसते: इतर सर्व तसेच ठेवून हे असता ते होते, हे नसता ते होत नाही. शेवटी नवा प्लग लावून गाडी पूर्ण मुठीला पळवायची, तशीच पळत असता इग्निशन बंद करून क्लच दाबायचा, आणि प्लग काढून त्याच्या चिनीमातीचा रंग वाचायचा. तपकिरी असेल तर ठीक. पांढरा, फोड आलेला असेल तर लीन. काजळी असेल तर रिच. परंतु हे वाचनसुद्धा ते अंतिम मानीत नाहीत, कारण कमजोर ठिणगीनेही प्लग काळा पडतो आणि टाइमिंग पुढे सरकले तरी तो पांढरा पडतो. गाडी गार असताना बरी चालून तापल्यावर बिघडते की उलट, चोक ओढल्यावर सुधारते की बसते, या इतर साक्षींशी प्लगची जबानी ते ताडून पाहतात. अनेक हेतूंनी एकच साध्य निष्पन्न झाले, आणि प्रत्येक हेतूची उपाधी स्वतंत्रपणे तपासली, म्हणजेच त्यांना स्वस्थता लाभते.

आणि हे एकदा करून भागत नाही. समुद्रसपाटीवरच्या चेन्नईत मे महिन्यातली ४० अंशांची हवा पौषातल्या २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. ९२० मीटर उंचीच्या बेंगळुरूत नीट बसवलेली गाडी घाट उतरून खाली आणली की दाट हवेमुळे ती लीन होते. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. निव्वळ पेट्रोलाच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास; म्हणजे जुना जेट आहे तसाच ठेवला तर गाडी आपोआप लीनकडे झुकते. जुन्या मिस्त्रींच्या कित्येक वर्षांच्या अनुभवातून सिद्ध झालेल्या व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांची कधी न चुकणारी नाती, अशा रीतीने पंपावरच्या एका बदलाने पुन्हा तपासणीला लागल्या आहेत. नैयायिकांनी अभ्यासदशा आणि अनभ्यासदशा असा भेद केला आहे: ओळखीच्या क्षेत्रात ज्ञान तत्काळ प्रमाण मानून चालता येते, अनोळखी क्षेत्रात नाही. कठीण असते ते एवढेच की ओळखीचे क्षेत्र अनोळखी झाले आहे हे वेळीच उमगावे.

पुदुपेटेपासून जवळच, पल्लवन सालैवर, बॉडीगार्ड मुनीश्वरनाचे लहानसे देऊळ आहे. नवी आणि दुरुस्त झालेली वाहने तेथे पूजेला आणतात. चाकाखाली लिंबू चिरडले जाते, कापूर ओवाळला जातो, अंगारा कपाळाला आणि हँडलला लागतो. त्या पूजेत मला काहीही उणे दिसत नाही. आपल्या हातात सर्व काही नाही याची ती कबुली आहे, आणि रस्त्यावर निघणाऱ्याने ती द्यावी हे उचितच. आक्षेप आहे तो पूजेनंतर वर्षभराने जे म्हटले जाते त्याला: पूजा केली, अपघात झाला नाही, सबब देव पावला. येथे श्रद्धेला अनुमानाच्या दरबारात उभे केले जाते, आणि तेथे ती केवळ फळाच्या हवाल्यावर उभी राहते. ज्याला पूजा करूनही अपघात झाला त्याच्या श्रद्धेचा मग कोणता हिशोब? तुकोबांनी नवसावर जे कोरडे ओढले त्यामागे, मला वाटते, हीच चीड होती. नवस हा भक्तीचा अतिरेक म्हणून त्यांना खुपत नव्हता, भक्तीचा जमाखर्च म्हणून खुपत होता. जी श्रद्धा लाभावर पोसली जाते ती लाभाच्या दिवसांत सर्वाधिक दृढ भासते, आणि तीत कोठे भेग आहे हे पाहण्याची बुद्धी त्याच दिवसांत कोणाला होत नाही.

म्हणूनच नैयायिक उदयनाचार्यांविषयी माझे मन दुभंगलेले आहे. न्यायकुसुमांजलीच्या पहिल्या स्तबकात अदृष्ट, म्हणजे कर्माचे न दिसणारे फलदायी सामर्थ्य, सिद्ध करताना त्यांनी असा मुद्दा घेतला की यज्ञदानादी कर्मांकडे जगातील विचारी माणसांची जी सार्वत्रिक प्रवृत्ती आहे ती निष्फळ असणे संभवत नाही. एवढ्या समर्थ ग्रंथातला हा मला सर्वांत दुबळा युक्तिवाद वाटतो. पुष्कळांनी पुष्कळ काळ केले एवढ्याने त्यामागची समजूत खरी ठरत असेल, तर सढळ ऑइल घालणारे सारे गाडीमालक खरे ठरतील. पण त्याच ग्रंथाच्या पाचव्या स्तबकात ते ईश्वराचे अनुमान मांडतात तेव्हा तेथे फळाची बात नाही. पृथ्वी आदी वस्तू कार्य आहेत, म्हणून घटाप्रमाणे त्यांना कर्ता असला पाहिजे, असे ते अनुमान आहे. आणि पूर्वपक्षाने त्यावर शरीरजन्यत्वाची उपाधी घातली. ज्याला ज्याला कर्ता असलेला आपण पाहतो ते ते शरीराने घडवलेले असते. पण प्रत्येक कार्य शरीराने घडवलेले नसते, अंकुर कोणाच्या हाताने फुटत नाही. तेव्हा कार्यत्वावरून कर्त्याकडे जाण्याचा मार्ग मध्येच अडतो. ज्या हत्याराने धुराची परीक्षा करायची तेच हत्यार येथे जगत्कर्त्याच्या अनुमानावर चालवले गेले, आणि नैयायिकांनी ते चालवू दिले. कर्त्यावाचून कार्य मानल्यास कार्यकारणभावच कोसळेल, हा त्यांचा प्रतितर्क मला पूर्णपणे पटत नाही, कारण अंकुराचा प्रश्न त्याने सुटत नाही, बाजूला सरतो. तरीही देवाच्या बाजूने बोलताना त्यांनी भक्तांना आलेल्या गुणांची यादी सादर केली नाही. आपल्या हेतूत कोठून हवा शिरते ते प्रतिपक्षाला दाखवू दिले, उत्तर दिले, आणि त्या उत्तराचीही परीक्षा होऊ दिली. पुढे चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने तत्त्वचिंतामणीच्या अनुमानखंडात ईश्वरानुमानाचे प्रकरण पुन्हा उघडले तेव्हा वाद त्याच उपाधीवर होता, आणि मैलापुरात आज न्याय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तो तेथूनच पुढे न्यावा लागतो.